रिकामा खुंटा

हिर्डोशी, २० जुलै १९४७

चि. सौ. सगुणा,

तुला, जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना आमच्या घरातून आशीर्वाद आणि नमस्कार पाठवले आहेत. ज्याला जे शोभेल ते वाटून घ्या.

हे पत्र बाजीकडून लिहून घेतलं असतं. पण तुझा हा धाकटा भाऊ भोरला सातवीपर्यंत शिकून आल्यापासून माझी वाक्यं दुरुस्त करतो. म्हणून मीच बसलो. पलटणीत असताना बसऱ्याच्या वाळूत शिकलेलं अक्षर आहे, तेव्हा जरा वाकडंतिकडं चालायचं.

कामाचं लिहितो. येत्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होतो आहे हे तुम्हाला पुणे-साताऱ्याच्या सडकेवर आमच्या आधी कळलं असेल. आम्ही भैरोबाच्या देवळापुढं झेंडा लावणार आहोत. तुझा गेनबातात्या म्हणतो, आपण संस्थानातली माणसं, आपल्याला कसलं स्वातंत्र्य? मी त्याला म्हटलं, शेजारच्या घरी लग्न असलं तरी आपण नवं धोतर नेसतोच की. काठीसाठी मी रानातून सरळ वेळू आणलाय आणि रोज थोडा थोडा तासतोय. तुझी आई म्हणते, एवढी मेहनत कधी नांगरावर केली नाही.

आता माझा विचार ऐक. दिवाळीचा पाडवा नवऱ्याचा. नागपंचमीला तुला आणावं तर तुझ्या सासूबाईंची बाजरीतल्या तणाची भांगलण आडवी येते, आणि ती दर वर्षी येते. हा धोंड्याचा महिना चालू आहे, पण त्यात मान जावयाचा, तू नुसती बरोबर. हा सण मात्र नवाकोरा आहे. त्याच्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही, कुठल्या पोथीत त्याची रीत नाही. मग रीत मीच पाडतो. या दिवशी लेकीनं माहेरी यायचं. तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव आणि माझा नमस्कार दोनदा सांग.

तुला आंदण दिलेली चांदी गाय कशी आहे? तिची आई अजून तुझ्या वाटेकडं बघत उभी असते, असं घरात म्हणतात. मला तर ती गवताकडं बघते असं वाटतं.

मी ओढ्याच्या काठी जांभळीखाली बसेन. पाणी चढलेलं असलं तर पलीकडून हाक मार, गडी घेऊन तुला अलीकडं उतरवून घेतो.

तुझा
आबा (कोंडिबा)

---

कामथडी, ३ ऑगस्ट १९४७

आबा,

तुमचं पत्र मी सासूबाईंना चुलीपुढं बसून वाचून दाखवलं. भांगलणीपाशी आवाज बारीक केला, तरी त्यांनी ऐकलंच. थोडा वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुजा बा लई हुशार. जा बाई, पर चार दिसांनी माघारी ये."

म्हणून मी येते. हे भोरपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणून सोडणार आहेत, पुढं हिर्डोशीकडं जाणारं कुणी ना कुणी भेटेलच. आईला सांगा, नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण करून ठेव. इकडं सगळं मिळतं, ते मिळत नाही. मी आत्तापासून रोज रात्री मनातल्या मनात सगळी वाट चालून येते, आणि ओढ्यापाशी आले की झोप लागते.

चांदी चांगली आहे. अजून नव्या माणसाला शिंग दाखवते. आईनं तिला लहानपणी पेज पाजून लाडावून ठेवलं, त्याची फळं मी भोगते आहे.

पावसात फार वेळ काठावर बसू नका. तुमची छाती मला माहीत आहे.

तुमची
सगुणा

---

कामथडी, १४ सप्टेंबर १९४७

चि. बाजी,

आबांना जाऊन महिना होईल. तेराव्याला मी तिथं होते, पण आपण दोघं बोललोच नाही. तू पाहुण्यांत, मी चुलीपाशी. जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

मी गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला गाठोडं बांधून उंबऱ्यात उभी होते. तेवढ्यात सासूबाई अंगणातल्या शेवाळावर घसरल्या आणि पाय मोडला. हाडवैद्याला आणायला हे धावले. मी गाठोडं सोडलं. भोरच्या बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर निरोप दिला होता, तो भोरातच राहिला.

शेजारच्या ठकुकाकूनं मला सगळं सांगितलं. आबा सकाळी नवं धोतर नेसून झेंड्याला गेले नाहीत, घोंगडं घेऊन ओढ्यावर गेले. झेंडा लागला तेव्हा ते जांभळीखाली होते. दुपारी तू त्यांना ओढून घरी आणलंस तेव्हा दात वाजत होते, आणि दिवेलागणीला सगळं संपलं. मला सांग, ते काही बोलले का? माझ्यावर रागावले होते का?

आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी गोठ्यात जाऊन रडले. चांदीची जागा रिकामी, नुसता खुंटा उभा. तिथं बसले तर आई दारात आली, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेली. ते पाहणं डोळ्यांपुढून जात नाही.

तुझी
अक्का

---

हिर्डोशी, ९ ऑक्टोबर १९४७

सगुणाअक्का,

आबांचं छातीचं दुखणं जुनं होतं. ओढ्यावर गेले नसते तरी देवळापुढं भिजलेच असते. ठकुकाकूचं किती मनावर घ्यायचं हे तुला मी सांगायला नको. ते रागावले नव्हते. एवढंच विचारलं की झेंडा नीट लागला का. मी हो म्हटलं. मग म्हणाले की सगुणाचं काहीतरी अडलं असणार, नाहीतर ती राहणारी नाही.

आई कुणाशीच बोलत नाही. झेंड्याची काठी तिनं दुसऱ्याच दिवशी देवळापुढून काढून आणायला लावली आणि वळचणीला बांधून ठेवली. गावानं काही म्हटलं नाही.

भात यंदा बरं आहे. म्हशीला जागा हवी म्हणून चांदीचा खुंटा उपटायला गेलो, तर आईनं हातातली पहार काढून घेतली. तिचं काय चाललंय मला कळत नाही.

मायेनं तुझाच
बाजी

---

कामथडी, १८ जुलै १९४८

बाजी,

या पत्राला उत्तर आलं नाही तरी मी समजून जाईन.

संस्थान गेलं, आपण पुणे जिल्ह्यात आलो. इथल्या शाळेत १५ ऑगस्टसाठी पोरं गाणी बसवताहेत. सासूबाईंचा पाय आता बरा आहे, काठी टेकत अंगणात फिरतात. परवा त्या आपणहून म्हणाल्या, "औंदा बोलावणं आलं का गं माहेरचं?" मी म्हटलं, येईल. तेव्हापासून पोस्टमन नसरापुराकडून येताना दिसला की मी हातातलं काम टाकून दारात येते, आणि तो पुढं जातो.

गेल्या साली आबांनी महिनाभर आधी बोलावलं होतं. लेकीचं माहेर बापाबरोबर जातं असं बायका म्हणतात. मी त्यांच्याशी भांडायचे, माझा भाऊ तसा नाही म्हणून सांगायचे. आता काय सांगू?

आईचा माझ्यावर राग असेल तर तसं लिही. माझी वाट बघताना तिचा धनी गेला, ती रागावली तर मी तक्रार करणार नाही. पण घरी यावंसं वाटतं रे. आबांनी पाडलेली रीत आहे ती. एकदासुद्धा पाळली गेली नाही.

सगुणा

---

हिर्डोशी, ४ ऑगस्ट १९४८

अक्का,

तुझं पत्र वाचून रतन माझ्यावर दोन दिवस चिडली होती. बायको नणंदेच्या बाजूनं भांडते असं घर तालुक्यात दुसरं नसेल. ती म्हणाली की खरं ते लिहा. तर लिहितो.

तुझ्यावर कुणाचा राग नाही. आपल्यात ज्या सणाला घरातलं माणूस जातं तो सण त्या घराला बंद होतो, हे तुला माहीतच आहे. गोडधोड नाही, पाहुणा नाही, लेकीला बोलावणं नाही. आईनं आबांचा हा सण बंद केला आहे.

मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, हा सरकारी सण आहे, देवाधर्माचा नाही. तिथीनं धरलं तर आबा अधिक महिन्यात गेले, त्या दिवशी कुठलाच सण नव्हता. गेनबातात्यांनाही हे पटलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या दिसासाठी त्येंनी नवं धोतार काढून ठिवलं, त्यो सण न्हाई तर काय?" यावर मला सातवीत काही शिकवलं नव्हतं.

आता त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तरच सण सुटेल. रतनला काही नाही, आणि आपली गाय म्हातारी झाली. तोवर सण बंदच. तुला कळलं तर तू आणखी खचशील म्हणून आईनं लिहू दिलं नाही. मीही तिचं ऐकलं, ती माझी चूक झाली.

बाजी

---

कामथडी, १५ ऑगस्ट १९४८

बाजी,

घाईत लिहिते, अक्षर समजून घे.

चांदी आज व्याली. सकाळी शाळेत झेंडा लागत होता, पोरांचा गलका इथपर्यंत ऐकू येत होता, आणि इकडं ती अस्वस्थ झाली. हे शाळेत गेलेले. मी आणि सासूबाईच गोठ्यात. दिवस अजून भरायचे आहेत असं हे म्हणत होते, मीही तेच धरून बसले होते. कालवड झाली आहे. तांबडी, कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. आता उभी राहायला बघते आणि पडते.

मी गोठ्यातच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. सासूबाईंना वाटलं मला काही लागलं. मग मी त्यांना आपल्या घरच्या बंद सणाचं सांगितलं. त्या वासराचं अंग पुसत म्हणाल्या, "मग बसलीस काय? लिही की बाजीला."

चांदी आबांनी दिलेली, आईनं पेज पाजून वाढवलेली, आपल्या गोठ्यात जन्मलेली. ती त्याच दिवशी व्याली. सण सुटला ना रे? आईला लगेच सांग. मी आज पाच वेळा गोठ्यात जाऊन आले, अजून कालवड खरी आहे ना ते बघायला.

अक्का

---

हिर्डोशी, ३० ऑगस्ट १९४८

सगुणाअक्का,

काय लिहू?

तुझं पत्र मी देवळापुढं सगळ्यांना वाचून दाखवलं. आधी सगळे खूश झाले. ठकुकाकूनं तर गूळ वाटायला काढला. मग गेनबातात्या म्हणाले की आंदण दिलेली गाय ती ज्या घरी दिली त्या घरची. व्याली तर त्यांच्या गोठ्यात व्याली. याला सण सुटला म्हणता येत नाही. बाकीचेही हळूहळू माना डोलवायला लागले. तात्या वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. आबांची आठवण तेच पहिल्यांदा काढतात. पण रिवाज म्हटला की ते दगड होतात.

आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. घरी आल्यावर तुझं पत्र माझ्याकडून मागून घेतलं. वाचता येत नाही तिला, पण घेतलं.

कालवडीला माझ्याकडून थोपट.

बाजी

---

कामथडी, १२ सप्टेंबर १९४८

बाजी,

गेनबातात्यांना माझा नमस्कार सांग आणि एवढंच विचार. दिलेली गाय तिकडची झाली, तर दिलेली लेक कुठली?

इथं सासूबाई बऱ्या आहेत, हे बरे आहेत, मला कुणी टोचून बोलत नाही. तरी बाजारात कुणी विचारलं की तू कुठली, तर माझ्या तोंडून हिर्डोशीच येतं. आता ते बंद करायची सवय लावून घेईन.

मी परत विचारणार नाही.

सगुणा

---

हिर्डोशी, २१ जुलै १९४९

सगुणाअक्का,

तुझं शेवटचं पत्र मी तात्यांना वाचून दाखवलं नव्हतं. आईला मात्र दाखवलं होतं. ती तेव्हाही काही बोलली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आमचं नेहमीचं पत्र दिवाळीला गेलं, संक्रांतीला गेलं, त्यात मी हवापाणी लिहीत राहिलो. माझी मलाच लाज वाटायची.

काल लावणी संपली. गेनबातात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. देवळापुढं यंदा झेंड्याला काठी कुठली आणायची असं बोलणं निघालं. आई आतून आली आणि तात्यांना म्हणाली की जरा गोठ्यात चला. मला वाटलं गाय आजारी पडली. आम्ही सगळे मागून गेलो.

तिनं चांदीच्या खुंट्यावर हात ठेवला. मग जे बोलली ते मी तिला पत्रात लिहिण्यासाठी रात्री पुन्हा सांगायला लावलं. ती म्हणाली, माझं बोलणं शाळेतल्यासारखं नीटनेटकं करू नको. म्हणून जसंच्या तसं लिहितो:

"गेनबाभावजी, गाय दिली तवा म्या दावं सोडून दिलं. खुंटा उपटला न्हाई. म्हशीला जागा न्हाई म्हून लेक पहार घिऊन आला, तरी उपटू दिला न्हाई. ज्या गाईचा खुंटा उभा हाय, ती गाय ह्याच गोठ्याची. दावं लांब झालं म्हून काय तुटलं व्हय? आन् लेकीचं बी तसंच हाय. सण सुटला माजा. गेल्या सालीच सुटला. मला बोलाया येळ लागला, एवढंच."

तात्यांनी वाकून खुंटा हलवून पाहिला. मग डोकं खाजवत म्हणाले, "वैनी, खुंट्याचं मला कुणी बोललंच न्हाई." आणि बाहेर जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं वळचणीची काठी सोडली. पावसापाण्यानं थोडी काळी पडली आहे. आता ते बसून पुन्हा तासताहेत, आबांसारखीच, रोज थोडी थोडी.

आई म्हणते, तेराव्याला गोठ्यात तू दिसलीस तेव्हा तुला जवळ घ्यायला आली होती. खुंट्यापाशी बसलेली पोर बघून तिलाच उभं राहवेना, म्हणून माघारी गेली. हे तुला सांगायला तिनं दोन वर्षं लावली. बाई हट्टी आहे, आणि तूही तिच्यावरच गेली आहेस.

तेव्हा हे बोलावणं. आबांची रीत, या वर्षापासून. जावईबापूंनाही आण. शेजारपाजारचे सगळे आपल्याकडं जेवणार आहेत, ठकुकाकूनं भांडी आत्ताच आणून टाकली. खेकडे मी धरीन. चांदी आणि कालवड दोघींना घेऊन ये. आई म्हणते, खुंटा बघून तरी कालवडीला कळू दे ती कुठली ते.

बाजी

---

कामथडी, ५ ऑगस्ट १९४९

आई आणि बाजी,

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. यंदा त्यात भांगलणीचं नावच नव्हतं. मग म्हणाल्या, "ह्या सणाला आमच्यात कायबी रीत न्हाई. तुज्या बाचीच धरू." आणि स्वतः नारळ आणि साखर काढून गाठोड्यात ठेवली. म्हणाल्या, ही सोजराविहिणीला माझ्याकडून.

बारा तारखेला निघतो. गाय आणि कालवड बरोबर म्हणजे मोटार नाही, चालतच येऊ. भोरला मुक्काम, मग सावकाश पुढं. कालवडीचं नाव मी अजून ठेवलेलं नाही. ते आईनं ठेवायचं.

आई, तुझं बोलणं बाजीनं लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचते आणि प्रत्येक वेळी खुंट्यापाशी येऊन थांबते. मलाही तुला जवळ घ्यायचं होतं गं. तू दारातून गेलीस आणि मी उठून मागं आले नाही.

एकच मागणं आहे, ते ऐका. पाऊस इथं धरून आहे, तिकडंही असेलच. मला दिवसभर उशीर झाला, दोन दिवस झाला, तरी ओढ्याच्या काठी माझी वाट बघत कुणी बसायचं नाही. चूल पेटवून घरातच बसा. मी पोचले की जांभळीखालून हाक मारीन.

तुमची
सगुणा, हिर्डोशीची